एक की अनेक, ते मुलांना ठरवू द्या

२ एप्रिल २०११. वानखेडेवर धोनीचा षटकार प्रेक्षकांत गेला आणि रवी शास्त्री समालोचनात म्हणाले, 'इंडिया लिफ्ट द वर्ल्ड कप'. तो शनिवार होता. सोमवारी नववीच्या वर्गात उजळणी घ्यायला गेले, तर फळ्याला हात लावायच्या आधीच दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. 'बाई, शास्त्री चुकले का? इंडिया एकच आहे. मग लिफ्ट्स पाहिजे ना?'

सगळा गाव फटाके वाजवत होता, त्या गदारोळात या मुलीच्या कानाला एका 'स'ची उणीव जाणवली होती. मी तिला सांगितलं की शास्त्री चुकलेले नाहीत. त्या वाक्यातलं इंडिया म्हणजे नकाशावरचा देश नव्हे, मैदानावरचे अकरा जण. त्यांनी मिळून चषक उचलला, म्हणून लिफ्ट. क्रिकेटचं इंग्रजी इंग्लंडमधून आलं, आणि तिथे संघाला अनेकवचनी क्रियापद लावायची पद्धत आहे. तिला ते पटलं. मग तिने विचारलं, 'परीक्षेत काय लिहू?'

मी म्हणाले, 'परीक्षेत लिफ्ट्स लिही.'

ते उत्तर मला आजही बोचतं. तिला जे बरोबर म्हणून समजावून सांगितलं, तेच दोन मिनिटांत मी तिच्याकडून काढून घेतलं, आणि ते केवळ मार्कांच्या भीतीनं.

वाळवा तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सुरुवातीला मुलं पाचवीत येऊन एबीसीडी गिरवायची. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. पुस्तकं बदलली, आराखडे बदलले, पण कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाचा धडा होता तिथेच राहिला. 'कलेक्टिव्ह नाउनला एकवचनी क्रियापद', 'नन नेहमी एकवचनी', 'रक्कम, अंतर, वेळ आली की इज'. असे तीस-चाळीस नियम वहीत उतरवायचे, पाठ करायचे आणि परीक्षेत ओकायचे. या लेखात मला एवढंच मागायचं आहे की जिथे इंग्रजीत दोन्ही रूपं बरोबर आहेत, तिथे मुलाचा मार्क कापू नका. आणि हा धडा नियमांच्या यादीतून न शिकवता मुलाच्या मराठीतून शिकवा. त्याच्या घरात तो धडा आधीच झालेला असतो.

मागच्या दिवाळीत एक जुना विद्यार्थी घरी आला. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून तो तीन वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. वडिलांची दीड एकर कोरडवाहू. पिशवीतून त्याने एक सराव प्रश्नसंच काढला आणि पान उलगडून माझ्यासमोर ठेवलं. चूक शोधायचा प्रश्न होता. वाक्य होतं, 'द कमिटी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स'. त्याने 'चूक नाही' हा पर्याय निवडला होता. उत्तरसूचीनुसार 'वेअर' चूक, तिथे 'वॉज' हवं. त्या मुलाचा मार्क गेला, वर उणे गुणांचा पाव मार्क गेला.

'बाई, तुम्ही तर सांगितलं होतं...' एवढंच म्हणून तो थांबला.

उत्तर त्याचंच बरोबर होतं. समितीत मतभेद झाले म्हणजे समिती एक राहिलीच नाही. माणसं वेगळी झाली, प्रत्येकाचं मत वेगळं झालं. वाक्यात पुढे 'देअर ओपिनियन्स' आहे, म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकेक सदस्य आहे. अशा वाक्यात 'वेअर' नुसतं चालतं असं नाही, तेच शोभतं. अमेरिकेत बरेच जण इथेही एकवचनाकडे झुकतील, ते मला मान्य आहे. पण म्हणून 'वेअर' ही चूक होत नाही.

हा काही माझा लाड नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत ज्यांचं व्याकरण असतं त्या रेन आणि मार्टिनच्या पुस्तकात हे दिलेलं आहे: समूह एक म्हणून पाहिला तर एकवचन, त्यातल्या व्यक्ती वेगवेगळ्या पाहिल्या तर अनेकवचन. यातल्या रेनसाहेबांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केली होती, आणि 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरीही त्यांचीच. त्यांच्याही मागे जायचं तर १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांचं छोटं इंग्रजी व्याकरण छापलं गेलं. लाउथ पुढे लंडनचे बिशप झाले, आणि इंग्रजीला नियमांच्या दावणीला बांधणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्या लाउथनीही समूहवाचक नामाला दोन्ही वचनं मोकळी ठेवली, फक्त मनातली कल्पना एकाची आहे की अनेकांची ते बघा म्हणाले. अडीचशे वर्षांपूर्वी एका कडक बिशपने दिलेली मोकळीक आपल्या गाइडांनी काढून घेतली आहे.

१९८५ साली क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक या चौघांचं इंग्रजीचं मोठं व्याकरण आलं. त्यात या मेळाची तीन तत्त्वं मांडली आहेत. क्रियापद कधी शब्दाच्या रूपाकडे बघतं, कधी अर्थाकडे, आणि कधी जवळ कोणता शब्द बसलाय त्याकडे. तीस-चाळीस नियमांचं मूळ एवढंच. आपल्या गाइडांत यातलं पहिलं तत्त्व तेवढं राहिलंय.

आता मराठी मुलाला हे जड जाईल असं कुणी म्हणू नये. ज्याचं क्रियापद 'दादानं आंबा खाल्ला, आंबे खाल्ले, कैरी खाल्ली' असं कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं, आणि 'दादानं मुलांना बोलावलं' म्हटलं की कुणाच्याच मागे जात नाही, त्या मुलाला इज आणि आर यांची भीती वाटायचं कारण नाही. तो कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग बोलतच शाळेत येतो. नावं आपण नंतर शिकवतो.

वर्गात मी बाजारापासून सुरुवात करायची. इस्लामपूरच्या बाजारातून दोन किलो कांदे घेतले आणि दोन किलो गूळ घेतला. किलो दोन्हीकडे दोनच. मग एकदा 'घेतले' आणि एकदा 'घेतला' का? मुलं लगेच सांगायची, 'बाई, कांदे मोजता येतात, गूळ नाही.' साठ टक्के मुलं पास झाली, साठ टक्के पाणी वाया गेलं. अर्धे विद्यार्थी आले, अर्धं दूध सांडलं. टक्का किंवा अर्धा हा नुसता माप सांगतो, क्रियापद बघतं ते माप कशाचं आहे त्याकडे. इंग्रजीत इथे तसूभरही फरक नाही. 'सिक्स्टी पर्सेंट ऑफ द स्टुडंट्स आर', 'सिक्स्टी पर्सेंट ऑफ द वॉटर इज'. हा नियम मी एकाही वर्गाकडून पाठ करून घेतला नाही, आणि तो कुणी चुकल्याचं मला आठवत नाही.

'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' आणि 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' यांचंही तसंच. गाइडमध्ये याला चौकटीत टाकलेलं असतं आणि मुलं 'अ आला की आर, द आला की इज' असं घोकतात. परीक्षेच्या घाईत नेमकं उलटं लिहून येतात. त्याऐवजी मराठी करून बघा. पहिल्याचा अर्थ 'कित्येक विद्यार्थी', दुसऱ्याचा 'विद्यार्थ्यांची संख्या'. कित्येक विद्यार्थी आले, विद्यार्थ्यांची संख्या वाढली. झालं.

'फॅमिली' या शब्दावर मात्र मी थांबायची. मुलांना विचारायची, घरातली माणसं लग्नाला नको म्हणाली तर तुम्ही काय सांगता? 'घरचे नको म्हणाले.' आणि शेजारी कुणी नवीन राहायला आलं तर? 'एक कुटुंब आलंय.' माणसं तीच, आई, बाबा, आजी, दोन पोरं. 'घरचे' म्हटलं की एकेकाचा चेहरा दिसतो, 'कुटुंब' म्हटलं की एक बिऱ्हाड दिसतं. मराठीने त्यासाठी दोन शब्द ठेवले. इंग्रजीने शब्द एकच ठेवला आणि फरक क्रियापदावर सोपवला: 'माय फॅमिली आर' म्हणजे घरचे, 'माय फॅमिली इज' म्हणजे कुटुंब. ब्रिटिश इंग्रजीतली ही सोय मला फार मोलाची वाटते. तिच्यावर लाल रेघ मारणारा हात लिहिणाऱ्याचं बघणंच खोडतो.

समास शिकवणाऱ्या मराठीच्या बाईंची मदत मी दरवर्षी घ्यायची. इतरेतर द्वंद्व आणि समाहार द्वंद्व मुलांना येत असतात. 'आई-बाबा आले' यात माणसं दोन. 'पोळीभाजी झाली' यात जेवण एक. इंग्रजीत 'ब्रेड अँड बटर इज' का, तर तो समाहार आहे. मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास यांच्यामधली भिंत आपणच बांधलेली आहे.

मराठी प्रत्येक ठिकाणी हात देते असं मात्र नाही. काही ठिकाणी तीच मुलाला चुकीकडे नेते, आणि खरं शिकवणं तिथे लागतं. आमच्याकडे तांदूळ निवडले जातात, धुतले जातात, आणि शिजले की भात होतो. चुलीवर चढेपर्यंत अनेक, उतरल्यावर एक. शेंगदाणे भाजले, त्यांचं कूट झालं. पोहे तर बशीत आले तरी अनेकच. इंग्रजीतलं राइस कच्चं असो की शिजलेलं, एकच. केस पांढरे झाले हे मराठी मूल 'हेअर्स आर' असं लिहितं. पैसे संपले म्हणून 'मनी आर' लिहितं. उलट कात्री आणि चष्मा आपल्याकडे एकेक, इंग्रजीत मात्र दोन्हींना 'आर'. एक पोलीस आला, चार पोलीस आले, हे आपलं. इंग्रजीत पोलीस नेहमी 'आर'. इथे सूट मागायचं कारण नाही, ते चूकच आहे आणि सुधारून घ्यायला हवं. पण चूक कुठून आली ते मुलाला सांगितलं तर ती एकदाच सुधारावी लागते.

आणि एक चूक तर अशी आहे की तिच्यावर रेघ मारताना माझा हात जड व्हायचा. 'माय फादर आर फार्मर.' दरवर्षी पाचवीत चार-पाच वह्यांत हे वाक्य असायचंच. माझे वडील शेतकरी आहेत. त्या पोराने 'आर' लिहिलं ते वचन कळत नाही म्हणून नव्हे. वडिलांना तो 'आहे' म्हणू शकत नव्हता. मी त्याला जवळ बोलावून सांगायची, बाळ, इंग्रजीत आदर क्रियापदात ठेवत नाहीत, तिथे 'इज' म्हटल्याने वडील लहान होत नाहीत. मग तो 'इज' लिहायचा, जरा नाराजीनेच.

रकमेचा नियम मी नोटांनी शिकवला. मराठीत पाचशे रुपये लागतात, पुरतात, पडतात. 'पाचशे रुपये लागला' असं आपण कधीच म्हणत नाही. त्यामुळे 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज' हे मुलाच्या कानाला खटकतं, आणि ते खटकणं साहजिक आहे. मी दहाच्या दहा नोटा घेऊन जायची. टेबलावर पसरून ठेवायच्या. एक फाटकी, एक नवी, एकीवर पेनाने काहीतरी लिहिलेलं. 'देअर आर टेन नोट्स ऑन द टेबल.' मग त्या गोळा करायच्या, रबर लावायचं, आणि हातात धरून विचारायचं, 'या पैशात बूट येतील का?' 'हंड्रेड रुपीज इज नॉट इनफ.' पहिल्यांदा आपण नोटा बघत होतो, आता किंमत बघतोय. रबराच्या आत एक झालं. दहा किलोमीटर हे अंतर असंच रबराच्या आत असतं, तीन तास हा वेळही. एका वर्षी मागच्या बाकावरचा, एरवी गप्प असणारा मुलगा म्हणाला, 'बाई, रबर काढलं की परत आर होईल.' माझ्या बत्तीस वर्षांत या नियमाची याहून नेमकी व्याख्या मी ऐकली नाही.

जवळ बसलेल्या शब्दाचं ते तिसरं तत्त्वही मराठीत आहेच. 'खोलीत एक टेबल आणि चार खुर्च्या होत्या.' आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून शेवटचा शब्द त्याला जवळचा. इंग्रजीत अशा वाक्यात क्रियापद आधी येतं, म्हणून पहिला शब्द जवळचा: 'देअर इज अ टेबल अँड फोर चेअर्स'. काटेकोर लिहिणारे इथे 'आर' घालतात, पण बोलण्यात आणि चांगल्या लिखाणातही 'इज' सर्रास सापडतं. वाक्याची दिशा उलटी, सवय एकच.

'नन'बद्दल शिक्षक मित्रांशी माझे वाद झाले आहेत. तो 'नॉट वन'पासून झाला, म्हणून नेहमी एकवचनीच, असं ते म्हणतात. व्युत्पत्ती खरी आहे, पण निष्कर्ष खरा नाही. जुन्या इंग्रजीपासून, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ, हा शब्द दोन्ही वचनांत वापरात आहे. 'नन ऑफ द बॉइज हॅव कम' लिहिणाऱ्या मुलाच्या पाठीशी हजार वर्षांचं इंग्रजी उभं आहे. शब्द कुठून आला यावरून त्याचं आजचं वागणं ठरवायचं असेल, तर मराठीतही फार मोडतोड करावी लागेल.

वचन बदलताना बघायचं असेल तर अमेरिकेकडे बघावं. १७८७ च्या त्यांच्या राज्यघटनेत राजद्रोहाच्या कलमात युनायटेड स्टेट्ससाठी 'देम' हे सर्वनाम आहे, म्हणजे 'ती राज्यं'. गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीतही 'देअर' आहे. आज तिथे 'द युनायटेड स्टेट्स इज' सोडून दुसरं कुणी म्हणत नाही. शब्दाच्या शेवटचा 'स' तसाच राहिला. लोकांच्या मनात राज्यांचा देश झाला आणि क्रियापद हळूहळू, कित्येक दशकं घेत, त्या मनामागे गेलं. कुठल्या गाइडवाल्याने ते नेलं नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो घेणारी माणसं चांगली आहेत. खेड्यातल्या मुलाला मोकळीक दिली की तो गोंधळेल, त्याला एकच पक्कं उत्तर द्या, म्हणजे नोकरीच्या परीक्षेत तरी तो टिकेल. या काळजीतला जिव्हाळा मला कळतो. २०११ च्या त्या सोमवारी मीही त्याच काळजीने 'लिफ्ट्स लिही' म्हणाले होते. पण एकच पक्कं उत्तर पाठ केलेला मुलगा ज्या दिवशी खरं इंग्रजी वर्तमानपत्र उघडतो, त्या दिवशी काय होतं? पहिल्या पानावर 'इंडिया हॅज' असतं, खेळाच्या पानावर 'इंडिया हॅव'. त्याला वाटतं आपल्यालाच काही येत नाही. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला दोन्ही कानावरून गेलेलं असतं, तो अडखळत नाही. म्हणजे एकच नियम घोकून घेतल्याने आपण आपल्या मुलाला सुरक्षित करत नाही, त्याला मागे ठेवतो. गोंधळ मोकळिकीने होत नाही, कारण न सांगता दिलेल्या हुकमाने होतो.

तो पुण्याचा मुलगा प्रश्नसंच घेऊन आला तेव्हा मी त्याला रेन आणि मार्टिनचं पान काढून दाखवलं. त्याने मोबाइलवर फोटो घेतला आणि प्रश्नसंच छापणाऱ्यांना पाठवला. उत्तर आलं नाही. यंदाच्या आवृत्तीत तेच वाक्य आहे आणि सूचीत तेच 'वॉज' आहे. अशा पाव-पाव मार्कांनी मुलांच्या यादीतल्या जागा खाली सरकतात, आणि त्या पाव मार्कामागे दीड एकरातले तीन हंगाम असतात.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आणि प्रश्नसंच छापणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. 'टीम', 'कमिटी', 'फॅमिली', 'नन' यांच्यावर चूक शोधायचा प्रश्न घालू नका. घातलाच असेल, तर उत्तरसूचीत 'दोन्ही ग्राह्य' हे दोन शब्द छापा. शाळेत पेपर तपासणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनी मुलाला एकदा विचारावं, 'तुला इथे एक दिसला की अनेक?' आणि त्याने कारण सांगितलं, तर पूर्ण मार्क द्यावा. दुसऱ्या बाकावरची ती मुलगी आता स्वतः एका शाळेत इंग्रजी शिकवते. तिला मी गेल्या महिन्यात फोन करून सांगितलं की त्या दिवशी तुझ्या पेपरात 'लिफ्ट'ही बरोबर धरायला हवं होतं.